नोबल्सव्हिलच्या पेटीबद्दल शुभेला

शुभे,

तीन महिने उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघे आहेत तसेच, बीपीची गोळी अर्धीची एक झाली. तब्येत संपली.

लिहायला बसले ते तुझ्या फोटोमुळे. कोर्टाच्या चौकात आइस्क्रीम घेऊन उभी आहेस आणि खाली सहज लिहिलंयस, शेजारची आजी विचारत होती की 'त्या पेटीत माझ्या आजोबांचं नाव आहे का, कुठे बघायला मिळेल?' आणि तू म्हणालीस, कुठली पेटी? धन्य आहेस. घर घेताना दिशा पाहिल्यास, शाळा पाहिल्यास, तळघरात पाणी येतं का ते पाहिलंस, आणि गावाची पेटी तेवढी राहिली!

१९९५ साली इंडियाना राज्यातल्या तुमच्या नोबल्सव्हिलला एका जुन्या कोठारात ट्रंक सापडली, तीच ही पेटी. आत हॅमिल्टन काउंटीतल्या (म्हणजे तुमच्या जिल्ह्यातल्या) कू क्लक्स क्लॅनचं, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठीच्या त्या गुप्त संघटनेचं दप्तर, १९२० च्या दशकातलं. सभासदांची नावं हजाराच्या घरात. मग गावात वाद: नावं उघड करायची की नाही? नातवंडं-पतवंडं अजून तिथेच राहतात, त्याच आडनावांनी.

आता तो मुद्दा, ज्यावरून विमलमावशीकडे आपण श्रीखंड वितळेपर्यंत भांडलो होतो. तू म्हणालीस, क्लॅनवाले माथेफिरू होते. मी म्हटलं, कमिशन एजंट होते. अजूनही म्हणते. विल्यम सिमन्सने १९१५ साली अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर क्रॉस पेटवून क्लॅन पुन्हा सुरू केली, पण पाच वर्षं ती रडतखडतच चालली. १९२० च्या जूनमध्ये त्याने एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरातवाल्या जोडीशी करार केला, आणि गाडी सुटली. प्रवेश फी १० डॉलर. त्यातले ४ सभासद आणणाऱ्या एजंटाचे, १ राज्यातल्या वरच्याचा, अर्धा त्याच्याही वरच्याचा, अडीच क्लार्क-टायलरचे आणि २ सिमन्सच्या तिजोरीत. झगा-टोपीचे, म्हणजे क्लॅनच्या पांढऱ्या गणवेशाचे, साडेसहा डॉलर वेगळे, आणि तो त्यांच्याकडूनच घ्यायचा. आपला दिन्या पाण्याच्या फिल्टरचे सभासद करायचा, तेच गणित. (दिन्याला हे सांगू नकोस. त्याला उपमा आवडेल.)

एजंट गावात आला की आधी गावाला कशाची भीती वाटते ते हुडकायचा. दक्षिणेत काळे. इंडियानात काळ्यांची वस्ती थोडी, म्हणून तिथे कॅथलिक, ज्यू, बाहेरून आलेले आणि दारूवाले. मग एखाद्या पाद्र्याला फुकट सभासद करायचं. रविवारी प्रार्थना चालू असताना झगेवाले चर्चमध्ये शिरणार, पाद्र्याच्या हातात पैशांचं पाकीट ठेवणार आणि गुपचूप निघून जाणार. सोमवारपासून लोक रांगेत. दुकानदार खिडकीत टी. डब्ल्यू. के. अशी पाटी लावायचे, म्हणजे क्लॅनवाल्यांकडेच माल घ्या. पाटी नसलेल्याचं गिऱ्हाईक तुटायचं. बायकांची शाखा वेगळी होती, तिची इंडियानातली म्होरकी डेझी डग्लस बार ही क्वेकर या ख्रिश्चन पंथाची धर्मोपदेशिका. कोणत्या दुकानात जायचं नाही हे या बायका कानोकान पोचवायच्या. आपल्या सोसायटीच्या ग्रुपचीच आठवण झाली. नॉर्थ मँचेस्टर गावात तर सांगतात की पोप रेल्वेने येणार म्हणून अख्खा जमाव स्टेशनवर गेला आणि उतरलेल्या एकमेव प्रवाशाला आपण पोप नसून कॉर्सेट विकणारे आहोत हे पटवून द्यावं लागलं!

हसून घेतलंस? आता हे. इंडियानातला म्होरक्या डी. सी. स्टीफन्सन. त्याने घोडेचोर पकडणाऱ्या एका जुन्या संघटनेत आपली माणसं भरली, कारण एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने तिला शिपायाचे अधिकार होते. घोडे गेले, मोटारी आल्या, अधिकार तेवढे राहिले. ते वापरून हे लोक रस्त्यात गाड्या अडवून झडती घेत. भरात असताना राज्यात सुमारे अडीच लाख पुरुष सभासद होते, म्हणजे तिथे जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांपैकी तीनातला जवळजवळ एक. १९२४ साली गव्हर्नरही त्यांच्या पाठिंब्याचा, एड जॅक्सन.

मार्च १९२५ मध्ये स्टीफन्सनने मॅज ओबरहोल्ट्झर या सरकारी नोकरीतल्या तरुणीला पळवून रेल्वेच्या डब्यात अत्याचार केले. तिने पाऱ्याच्या विषारी गोळ्या घेतल्या, पण महिनाभर जगली आणि सगळा जबाब लिहवून गेली. खटला इंडियानापोलिसमधून हलवून आणला तो तुमच्या चौकातल्या त्याच कोर्टात, जिथे तू आइस्क्रीम खात होतीस. ज्युरीने नोव्हेंबरमध्ये त्याला दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. जॅक्सन माफी देईल म्हणून तो वाट पाहत बसला. माफी येईना, तेव्हा १९२७ साली पुढाऱ्यांच्या लाचेची कागदपत्रं त्यानेच बाहेर काढली. सभासद काही हजारांवर आले.

आणि इथेच माझं डोकं अडकलंय, शुभे. हजार नावांची काउंटी तीच, ज्युरीही तिथलीच. मग लोक शहाणे झाले म्हणायचं? मला नाही पटत. लोक गेले ते म्होरक्या किळसवाणा निघाला म्हणून, फी बुडाली म्हणून. जे हवं होतं ते तोवर कायद्यात आलंच होतं: बाहेरून येणाऱ्यांबद्दलच्या १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्यांचा कोटा आवळला आणि आशियातल्यांना जवळजवळ दारच बंद केलं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथे राहणाऱ्या भगतसिंग थिंद यांना सांगितलं होतं की सामान्य माणसाच्या समजुतीने हिंदुस्थानी गोरे नव्हेत, सबब नागरिकत्व नाही. ते दार १९४६ साली किलकिलं झालं. त्या न्यायाधीशांना झगा घालावा लागला नाही. म्हणजे, होता, पण काळा.

आजीला काय सांगशील? नाव सापडलं तर एवढंच कळेल की आजोबांनी दहा डॉलर भरले. दुकान वाचवायला भरले, पाद्र्याने सांगितलं म्हणून, की मनापासून, ते सभासदाच्या कार्डावर नसतं. नाव नसलं तरी सुटका नाही, कारण पाटीच्या दुकानातून माल घेणाऱ्याची कुठे नोंद आहे? तिला एकटीला पाठवू नकोस. चौकातच जुन्या शेरीफच्या घरात आणि तुरुंगात संग्रहालय आहे, स्टीफन्सनलाही तिथेच ठेवलं होतं. आधी फोन करून वेळ घे, आणि ती यादी विचारेल तेव्हा तू मध्ये बोलू नकोस. तुला सवय आहे.

केतकीचं काय ठरलं? सुधीररावांची नोकरी टिकली ना? मेथीचे लाडू प्रतिभाबरोबर पाठवते, ती एप्रिलमध्ये निघतेय. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
नंदा