आधी मुदतीच्या फायली काढ

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

फाइल समोर असूनही दोरी सोडवत नाही, पक्षकाराचा फोन वाजला की छातीत धस्स होतं, असं लिहिलंस. याला आळस म्हणू नकोस. वकिलाचं नैराश्य चेहऱ्याआधी तारखांच्या डायरीत दिसतं. कोर्टात तो नेहमीसारखाच बोलतो. कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, मात्र टेबलावर पडून राहते. तारीख हुकली की मन खातं, आणि मग पुढची फाइलही उघडवत नाही. म्हणून उपचार आणि डायरी एकाच आठवड्यात हाती घे.

मुदतीची कामं आधी वेगळी काढ. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९०. चालू दाव्यांत विश्वासातल्या वकिलाचं नाव पक्षकाराच्या सहीनं आत्ताच वकीलपत्रावर घे. वकील आजारी आहे एवढ्यावर तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, मिळत नाही. पक्षकाराला वेळेत दुसरा वकील देणं शक्य नव्हतं, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ एकदा पुन्हा वाच.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना गेल्या दोन आठवड्यांची झोप, भूक आणि दारू लिहून ने. दारू अजिबात लपवू नकोस. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२,८२५ वकिलांच्या पाहणीत २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती आणि दर पाचांतल्या एकाचं पिणं धोक्याच्या पातळीवर होतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगतील, तेही करून घे. गोळ्या सुरू झाल्या की मळमळ, बेचैनी आधी येते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. नेमक्या याच काळात लोक गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालतात. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.

बाररूममध्ये, कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, कळेल ही तुझी भीती मला कळते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. पण वहिनींपासून लपवू नकोस. मरणाचे विचार येत असतील तर डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहू नकोस, वहिनींना उठव, मला फोन कर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

डायरीच्या पुढच्या महिन्याच्या पानांचे फोटो आज रात्रीच पाठव. मुदतीची यादी मी करतो.

तुझा,
माधव