गच्चीवरून खाली

प्रिय बाळ्या,

आठ महिने तुझे फोन उचलले नाहीत. हवं तेवढं रागाव. सायकलीच्या भांडणानंतरही इतका अबोला नव्हता, आणि तेव्हा चूक तुझी होती. या वेळी माझी.

तब्येतीचं आधी उरकतो. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए, म्हणजे रक्तातली प्रोस्टेटची खूण, २४; ग्लीसन, म्हणजे गाठीचा जोर, ४+४, बराच. हाडांत गेलेला नाही. रेडिएशनची २० सिटिंग दिवाळीआधी झाली. हार्मोनचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं. परवाचा पीएसए ०.३. पोपटला सांगू नकोस, संध्याकाळपर्यंत अख्ख्या बॅचला कळेल.

मंगळवारी तपासणी होती. डॉक्टर रिपोर्टवर खूश. मी उठायला लागलो, तर हिने खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, "डॉक्टर, आता आम्ही नवरा-बायको म्हणून कसं राहायचं, हे कुणी सांगितलंच नाही." शेजारी आपल्या पोरींच्या वयाची शिकाऊ डॉक्टर उभी! मला कुठे बघावं कळेना. डॉक्टरांनी मात्र शांतपणे सगळं सांगितलं. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जवळजवळ संपतं, म्हणून इच्छाच राहत नाही. कोर्स संपल्यावर काही महिन्यांत ते हळूहळू परत येऊ शकतं, पण आपल्या वयात खात्री नाही. गोळ्या आहेत, आणखी उपाय आहेत. पुढच्या वेळी दोघं मिळूनच या, म्हणाले.

रिक्षात मी हिच्यावर घसरलो. चारचौघांत अब्रू घालवलीस, म्हणालो. ही बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "सहा महिने तुम्ही हॉलमध्ये झोपताय. मला वाटलं, मी नकोशी झाले."

अण्णा गेले तेव्हा तू मला गदागदा हलवून म्हणाला होतास, रड रे गाढवा. रडलो नव्हतो. परवा रिक्षात रडलो. हल्ली मटार सोलतानाही डोळे भरून येतात. तेही इंजेक्शनचंच, म्हणे.

हॉलमध्ये गेलो तेव्हा कारण सांगितलं होतं घामाचं. ते खोटं नाही. रात्री दोन-दोनदा अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, बनियन पिळून घ्यावा लागतो. बारा वर्षांपूर्वी हिला हेच व्हायचं, तेव्हा मी म्हणालो होतो, मनावर ताबा ठेव. आता ही मुकाट्याने माझ्या मानेवर ओला नॅपकिन ठेवते. एकदाही तो शब्द काढला नाही तिने, पण मला तो रोज आठवतो.

पण खरं कारण वेगळं. तिने पाठीवर हात ठेवला की माझ्यात काहीच हलायचं नाही. तो हात दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर असावा, तसं. तिला ते कळेल या भीतीने उशी उचलली. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. सुरुवातीलाच हिला सांगितलं होतं: शिकागोचा डॉक्टर हगिन्स, १९४१, पुरुषी हार्मोन तोडलं की ही गाठ आकसते, १९६६चं नोबेल. हिने विचारलं, "आणि आपल्या घरात काय होणार?" मी पेपर उघडला.

रेडिएशनला भरल्या मूत्राशयाने जावं लागतं. ही घड्याळ लावून अर्धा लिटर पाणी पाजायची. बाहेर बाकावर आम्ही पुरुष बाटल्या घेऊन गप्प, आणि समोर बायका एकमेकींशी बोलताहेत. जतच्या एक काकू हिला म्हणाल्या, आमच्याकडे अंथरुणं वेगळी झाली आणि मग बोलणंच थांबलं. त्या बाकावरूनच हिने प्रश्न आणला.

तुलाच लिहितोय, कारण २००९ मध्ये वहिनींच्या छातीच्या ऑपरेशननंतर तू गच्चीवर झोपायला लागलास, आणि मी तुझ्या दारात उभा राहून तुला भेकड म्हणालो होतो. वहिनींनी ऐकलं होतं ते. तू काही बोलला नाहीस, मला चहा दिलास. बाळ्या, मला माफ कर. मला काहीच कळलं नव्हतं.

मंगळवारपासून परत खोलीत झोपतो. चादरी वेगळ्या, पंखा माझ्या बाजूला. पाठीचं तिला सांगितलं. "मग हात ठेवू की नको?" एवढंच विचारलंन. ठेव, म्हणालो.

नातू झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार.

गच्चीवरून खाली कसा आलास, ते सांग. आधी कोण बोललं? फोनवर नको, लिहून पाठव. हिलाही वाचायचंय.

तुझा,
मास्तर