‘टेस्टिंगच मिळालं का?’ असं विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी सोसायटीतल्या एक काकू लिफ्टमध्ये भेटल्या, मुलाला इंटर्नशिप लागल्याचं कळलं होतं म्हणून मी अभिनंदन केलं तर चेहरा पाडून म्हणाल्या, "अगं कसलं काय, टेस्टिंगच मिळालं, त्याला सायबर सिक्युरिटीत जायचं होतं ना." टेस्टिंग म्हणजे बनवलेलं सॉफ्टवेअर चालवून त्यातल्या चुका शोधायचं काम. आणि आता तो ती इंटर्नशिप सोडून एथिकल हॅकिंगच्या, म्हणजे परवानगीने सिस्टिम फोडून तिच्यातली भोकं शोधायला शिकवणाऱ्या, एका क्लासला दीड लाख भरणार आहे, तेही कर्ज काढून. सात वर्षांपूर्वी मीही अगदी हेच करणार होते, म्हणून हे पत्र लिहितेय. छापाल अशी आशा आहे.

मी थर्ड इयर संपल्यावर बाणेरच्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला लागले, स्टायपेंड 8 हजार. सिंहगड रोडवरून दोन बस बदलून जायचं आणि दिवसभर दवाखान्यांसाठी बनवलेल्या एका वेबसाइटच्या टेस्ट केस, म्हणजे ठरवून दिलेल्या तपासण्या, चालवायच्या, एक्सेलमध्ये पास-फेल भरायचं. मैत्रिणी डेव्हलपमेंटला लागल्या होत्या आणि मी बटणं दाबत बसलेय असं वाटून फार वाईट वाटायचं. मग एके दिवशी पेशंटचा रिपोर्ट उघडलेला असताना वरच्या अ‍ॅड्रेसमध्ये शेवटी 1043 दिसलं, मी ते 1044 करून एंटर मारलं, तर समोर दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट! डेटा टेस्टिंगचा होता म्हणून बरं, नाव-गाव सगळं खोटं, पण हात गार पडले माझे. डेव्हलपर म्हणाला, असं कोण करतंय. आमच्या टीमच्या प्रमुख, लीड मॅडम, म्हणाल्या, हिने केलं ना आत्ता, मग कोणीही करेल.

खरं शिकणं त्याच्यानंतर झालं. दोन दिवसांनी फिक्स, म्हणजे दुरुस्ती, आला, अ‍ॅड्रेसमधला नंबर दिसेनासा झाला, मी आनंदाने पास लिहिणार तेवढ्यात मॅडमनी थांबवलं, बर्प सूट नावाच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती टाकून दिली आणि ब्राउझर सर्व्हरला काय पाठवतो ते मधेच अडवून बघायला शिकवलं. नंबर तिथे होताच, फक्त स्क्रीनवरून लपवला होता. तिथे बदलला की परत दुसऱ्याचा रिपोर्ट येत होता. म्हणजे हा रिपोर्ट मागणारा माणूस कोण आहे हे सर्व्हर तपासतच नव्हता. तिसऱ्यांदा कुठे नीट झालं. या चुकीला ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात हे मला नंतर कळलं, ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत 2017 मध्ये ती पाचवी होती आणि 2021 मध्ये पहिली आली. मी सापडवली तेव्हा मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं, मी फक्त टेस्टरसारखा विचार केला होता.

म्हणून सांगते, टेस्टिंगमध्ये जे शिकवतात ना, वय 18 पाहिजे तर 17 टाकून बघ, वस्तूंच्या संख्येत उणे 5 टाक, पेमेंट चालू असताना बॅक दाब, तीच सवय पुढे सिक्युरिटीत कामाला येते. फक्त प्रश्न थोडा बदलतो, चुकून झालं तर काय याच्याऐवजी मुद्दाम केलं तर काय. आणि बग, म्हणजे सापडलेली चूक, लिहायची शिस्त, म्हणजे कोणाच्या लॉगिनने, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ही तर सोन्यासारखी गोष्ट आहे, कारण सापडलेली भोकं दुसऱ्याला पटवून देता आली नाहीत तर ती बुजत नाहीत. वरचं शिकावं लागतंच, नेटवर्किंग, लिनक्स, एसक्यूएल, थोडं पायथन. मला रोज संध्याकाळी बसून दोन वर्षं लागली. पण बर्प सूट बनवणाऱ्या पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ऑनलाइन आणि फुकट आहे, ओवॅस्पचं ज्यूस शॉप म्हणून मुद्दाम भोकं ठेवलेलं खोटं दुकान आहे ते आपल्याच लॅपटॉपवर चालवून हवं तेवढं फोडता येतं. सिक्युरिटीच्या इंटरव्ह्यूला मला सर्टिफिकेट कोणी विचारलं नाही, त्या 1044 बद्दल मात्र अर्धा तास विचारलं.

एक गोष्ट मुलांना कळकळीने सांगायचीये. हा प्रयोग कॉलेजच्या, बँकेच्या, कोणाच्याही चालू साइटवर परवानगीशिवाय करू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. हेतू अप्रामाणिक ठरवला गेला तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीतसुद्धा लीडला विचारून आणि टेस्ट सर्व्हरवरच.

क्लास सगळे वाईट असं मी म्हणत नाही. पण शंभर टक्के प्लेसमेंटचे बोर्ड बघून घरच्यांचे दागिने गहाण पडलेले मी पाहिलेत आणि त्यातल्या काही मुलांना लॉगिन झाल्यावर कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखीची खूण) कशासाठी लागते हेही सांगता येत नव्हतं, ते बघून जीव तुटतो. रीतसर शिकायचं तर पुण्यातच सी-डॅक ही सरकारी संस्था आहे, प्रवेश परीक्षा देऊन सहा महिन्यांचा सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा करता येतो.

कंपन्यांनाही विनंती आहे. इंटर्नला सहा महिने नुसतं क्लिक करायला बसवून सर्टिफिकेट हातात देऊ नका, महिन्यातून एकदा तरी सिक्युरिटी रिव्ह्यूला शेजारी बसवा. आपल्या पुण्यानेच ऑगस्ट 2018 मध्ये पाहिलंय, कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले, त्यातले बरेचसे हॅकर्सनी बँकेच्या खऱ्या सिस्टिमला न विचारताच एटीएमच्या मागणीला होकार देणारी खोटी यंत्रणा मधे घालून 28 देशांतून काढले. तो होकार नक्की कुठून आला, हा प्रश्न विचारणारी माणसं आपल्याला ठिकठिकाणी लागणार आहेत. आणि संपादक महोदय, तुमच्या करिअर पुरवणीत क्लासच्या जाहिरातींच्या शेजारी अर्धं पान या मुलांसाठी द्या ना, जे काम करतायत त्यांच्याकडून लिहून घ्या, मी आनंदाने लिहीन.

काकूंच्या मुलाशी बोलले. क्लासचे पैसे अजून भरले नव्हते. काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "ताई, ओटीपी वीस वेळा चुकीचा टाकला तरी अकाउंट लॉक होत नाहीये, हा बग आहे का?" मी म्हणलं आहे, आणि मोठा आहे, आता उद्या सकाळी लीडला दाखवायच्या आधी नीट लिहून काढ.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे