परीक्षेच्या आदल्या रात्री न मिळालेले पुस्तक

आदरणीय ग्रंथपाल मॅडम आणि ग्रंथालयातील सर्व कर्मचारी वर्ग यांस,

सविनय नमस्कार.

मी 2023 च्या उन्हाळ्यात अर्थशास्त्र विषय घेऊन बी. ए. झालेली आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी. निकालानंतर पेढे घेऊन आले होते. पण त्या दिवशी प्रवेशाची गर्दी होती आणि जे सांगायचे होते ते राहून गेले. आज ते पत्राने, आणि सर्वांसमोर, सांगत आहे. कारण आपण केलेली मदत माझ्या एकटीपुरती नव्हती, आणि ज्यांना ती मिळाली त्यांतल्या बहुतेकांना त्या वेळी ती मदत वाटलीही नव्हती.

आमच्या तुकडीचे पहिले वर्ष करोनामुळे मोबाईलवरच गेले. परीक्षाही बहुपर्यायी प्रश्नांची झाली. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास वर्ग भरू लागले, तेव्हा आमच्यापैकी अनेक जण ग्रंथालयाची पायरी पहिल्यांदाच चढले. पुस्तक कसे मागावे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. आपण आम्हाला पाच-पाच, सहा-सहा जणांच्या गटाने कपाटांपाशी नेले आणि 330 म्हणजे अर्थशास्त्र, 332 म्हणजे बँका आणि वित्तव्यवहार, 336 म्हणजे सार्वजनिक आयव्यय, हे पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे दाखवून समजावले. पुढे परीक्षेच्या दिवसांत काउंटरवर रांग लागे, तेव्हा आम्ही नेमका वर्गांक चिठ्ठीवर लिहून देत असू आणि पुस्तक दोन मिनिटांत हातात येत असे.

तरीही मला सर्वांत आधी आभार मानायचे आहेत ते सकाळी सातच्या वेळेचे. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा ठेवण्याची मागणी मुलांनी केली होती आणि ती मान्यही झाली. पण गावाहून येणाऱ्या आम्हा मुलींना संध्याकाळची साडेसहाची एसटी चुकवून चालणार नव्हते, हे कोणी बोलले नव्हते. आम्हीही बोललो नव्हतो. आपण वाचनकक्षाच्या ये-जा नोंदवहीतल्या वेळा पाहिल्या, सहानंतर मुलींची नावे जवळजवळ नसतात हे आपल्या लक्षात आले आणि दुसऱ्याच आठवड्यात वाचनकक्ष सकाळी सातला उघडू लागला. पहिल्या गाडीने उतरून मी सव्वासातला खिडकीजवळच्या टेबलाशी बसत असे. आमचे घर दोन खोल्यांचे. त्यातच लग्नसराईचे दिवस, येणारे-जाणारे पाहुणे आणि खळ्यावरची कामे. घरच्यांनी मला कधीही अभ्यासावरून उठवले नाही, पण सगळे राबत असताना पुस्तक धरून बसणे मलाच जमत नव्हते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा हे अकरा तास मला आपल्यामुळे मिळाले. 2023 च्या मार्च महिन्यापासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले होते, म्हणून अभ्यासाच्या सुटीतही रोज येणे परवडले, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

आता त्या पुस्तकाविषयी. सार्वजनिक आयव्यय या विषयाच्या मराठीतील संदर्भग्रंथाच्या ग्रंथालयात तीनच प्रती होत्या आणि वर्गात आम्ही पन्नासच्या वर होतो. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आपण त्या तिन्ही प्रती नेहमीसारख्या घरी देणे थांबवले. दिवसा ओळखपत्र ठेवून दोन तासांसाठी वाचनकक्षात, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर रात्रीपुरते घरी, सकाळी साडेदहाच्या आत परत, अशी व्यवस्था होती, आणि कोणाची पाळी कोणत्या रात्री हा तक्ता काउंटरच्या काचेवर चिकटवलेला असे. इथपर्यंत सर्वांना पटत होते. मात्र त्या तक्त्यात पेपरच्या आदल्या रात्रीचा रकाना रिकामा होता. त्या रात्री पुस्तक कोणालाच घरी मिळणार नव्हते.

मॅडम, मी त्या दिवशी आपल्याशी वाद घातला होता. माझी पाळी एकदाच आली होती, ती रात्रही वीज गेल्यामुळे वाया गेली होती आणि शेवटची रात्र मला हवी होती. आपण मला थांबवले नाही. माझे बोलून झाल्यावर एवढेच विचारलेत की, त्या रात्री पुस्तक हवे असलेले आणखी किती जण असतील. मी गप्प झाले, पण पटले नव्हते. दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात आले तेव्हा त्या तीन प्रती तीन लांब टेबलांवर मधोमध उघड्या होत्या आणि प्रत्येकीभोवती सहा-सात जण बसले होते. एक जण करभाराच्या प्रकरणातील मुद्दे मोठ्याने वाचत होता, बाकीचे लिहून घेत होते. दुसऱ्या टेबलावर वित्त आयोगाच्या शिफारशी चालल्या होत्या. ज्यांची आदल्या आठवड्यात पाळी झाली होती ती मुले आपल्या वह्या घेऊन इतरांच्या शेजारी बसली होती. घरी नेले असते तर एका रात्रीत ते पुस्तक तिघांनी वाचले असते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. दुर्मीळ साधनांचे वाटप हा आमच्या विषयाच्या व्याख्येतला शब्दप्रयोग मी पहिल्या वर्षापासून पाठ म्हणत आले होते, पण त्याचा अर्थ मला त्या टेबलांपाशी उमगला. त्या वादाबद्दल आज मनापासून क्षमा मागते.

जुन्या प्रश्नपत्रिकांबाबत आपण जे केले ते तर बाहेरच्या कोणाला सांगूनही चटकन समजणार नाही. विद्यापीठाचा 2019 पासूनचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षाला आमच्या आधी एकाच तुकडीने पूर्ण केला होता, त्यामुळे नव्या सत्र पद्धतीच्या प्रश्नपत्रिका एकाच वर्षाच्या होत्या. त्याआधीच्या सगळ्या वार्षिक पद्धतीच्या. आम्ही मुले त्या जुन्या फायलींची झेरॉक्स काढून सरसकट पाठ करायला निघालो होतो. आपण विभागातील सरांना ग्रंथालयात बोलावून घेतले, दोघांनी बसून जुन्या प्रश्नांतील अजून अभ्यासक्रमात असलेले प्रश्न पेन्सिलीने खुणावले, आणि कोणता प्रश्न आता कोणत्या सत्रात येतो ते समासात लिहिले. त्या खुणांमुळे वगळलेल्या प्रकरणांवर आमचे किती दिवस वाया जाण्याचे वाचले, हे मोजता येणार नाही. शिवाय 70 गुणांची उत्तरपत्रिका हाताने लिहिण्याची आमची सवय मोडलेली होती, म्हणून दुपारी भिंतीवरच्या घड्याळावर वेळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायला आपण एक टेबल राखून ठेवले. तिथे बोलायचे नाही, मोबाईल काउंटरवर ठेवायचा, एवढेच दोन नियम होते. पहिल्या दिवशी माझे निम्मेच प्रश्न लिहून झाले होते.

त्या वर्षी मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला आणि बसथांब्यावर माझी पिशवी भिजली. आत ग्रंथालयाचे पुस्तक होते. नियमाप्रमाणे किंमत भरावी लागणार आणि थकबाकी नसल्याचा दाखला अडकणार, या भीतीने मी ते दोन दिवस घरी लपवून ठेवले. तिसऱ्या दिवशी आणले, तेव्हा आपण आधी पुस्तक हातात घेतले, मग माझ्याकडे पाहिले. परिचर काकांनी ते उन्हात न ठेवता पंख्याखाली उभे करून पाने सुटी केली, दर काही पानांनंतर कोरा कागद घातला, ओले कागद दिवसभर बदलत राहिले आणि ते वाळल्यावर वजनाखाली ठेवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी खळ लावून, नवे कापड चढवून त्याची बांधणी केली. बांधणीचा खर्च आपण माझ्याकडून घेतला, पावती दिली, आणि दाखल्यावर सही केली. नियम मोडला नाही आणि मुलगीही मोडली नाही. काकांना माझा वेगळा नमस्कार सांगावा. वाचनकक्षातील माठ रोज सकाळी सातच्या आधी तेच भरत असत, हे मला फार उशिरा कळले.

काउंटरच्या मागे डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा फलक आहे. रांगेत उभे असताना तो मी असंख्य वेळा वाचला. त्यातले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आता एका पतसंस्थेत नोकरी करताना, काउंटरपलीकडच्या माणसाचा वेळ वाचवायला अलीकडच्या माणसाला किती आधीपासून तयारी करावी लागते, ते मी रोज अनुभवते, आणि सकाळी सातला उघडलेले ते दार डोळ्यांसमोर येते.

या पत्रासोबत सार्वजनिक आयव्यय या विषयाच्या त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या दोन प्रती पाठवत आहे. दाखल नोंदवहीत त्यांची नोंद करून घ्यावी. माझे नाव आतल्या पानावर लिहू नये. केवळ 336 वर्गांकाच्या कपाटात जुन्या तीन प्रतींशेजारी त्या ठेवाव्यात, आणि पेपरच्या आदल्या रात्री त्याही कोणाला घरी देऊ नयेत, ही विनंती.

कळावे,
आपली विद्यार्थिनी,
कला शाखा, अर्थशास्त्र विभाग, 2020 ते 2023