गॅलरीची सजावट सोलापूरचे ऊन पाहून व्हावी

महोदय,

आपल्या पुरवणीत लहान गॅलरीच्या सजावटीविषयी अधूनमधून लेख येतात आणि आमच्या घरी ते आवडीने वाचले जातात. मात्र त्यांसोबतच्या छायाचित्रांतले नेचे, झोपाळा आणि खाली अंथरलेला हिरवा गालिचा पाहिला, की ज्या गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन हटत नाही आणि ज्या घरच्या नळाला चार दिवसांआड पाणी येते, तिचा विचार या लेखांत कुठे आहे, असा प्रश्न पडतो.

आमची गॅलरी चार फूट रुंद, आठ फूट लांब, तिसऱ्या मजल्यावर आणि पश्चिमेकडे तोंड असलेली आहे. दोन वर्षांपूर्वी असाच एक लेख वाचून हौसेने कृत्रिम हिरवळ आणून अंथरली. पारा ४२-४३ अंशांवर गेल्यावर त्या प्लास्टिकवर अनवाणी पाऊल ठेवणे अशक्य झाले. खालची फरशीही इतकी तापत नव्हती. पावसाळ्यात त्याच हिरवळीखाली माती साचून पाणी जाण्याचे भोक बुजले आणि एका रात्रीत पाणी उंबरा ओलांडून खोलीत आले. ती हिरवळ सध्या माळ्यावर आहे आणि घरात तिचा विषय कोणी काढत नाही.

त्यानंतर आम्ही आधी ऊन मोजले. कोणत्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येते, हे आठवडाभर खडूने फरशीवर लिहून ठेवले आणि मगच रोपे आणली. कठड्याजवळ बोगनवेल, सदाफुली, अडेनियम आणि ऑफिस टाइम ठेवली. ही मंडळी उन्हावरच फुलतात; ऑफिस टाइमची फुले तर ऊन आल्याशिवाय उघडतही नाहीत. आतल्या भिंतीच्या सावलीत कोरफड, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट आहेत. जाळीसाठी सजावटीच्या दुकानात न जाता कृषी सेवा केंद्रात गेलो. डाळिंबाच्या रोपवाटिकेसाठी शेतकरी नेतात तीच पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी तिथे मीटरवर मिळाली.

खरी अडचण पाण्याची आहे. उजनी धरणाचे पाणी सुमारे ११० किलोमीटर अंतरावरून येते आणि घरात ते पिंपात साठवावे लागते. त्यातले कुंड्यांना किती द्यायचे, यावरून घरात मतभेद होणे स्वाभाविक आहे. मातीची कुंडी दिसायला देखणी, पण तिच्या अंगातून पाणी उडून जाते. प्लास्टिकची कुंडी उन्हात तापून मुळांना भाजते. म्हणून प्लास्टिकची लहान कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरल्या. गावाला जाताना जुन्या सोलापुरी टॉवेलची बोटभर रुंद पट्टी फाडून तिचे एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडवतो आणि दुसरे कुंडीतल्या मातीत पुरतो. टॉवेलचा सुती धागा पाणी हळूहळू ओढून घेतो आणि सदाफुली चार दिवस टवटवीत राहते. मात्र कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा थाळ्या पालथ्या करून कोरड्या कराव्यात. हा मजकूर सजावटीच्या लेखांत कधी दिसला नाही.

वजनाचाही विचार व्हावा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह पंचवीस किलोच्या आसपास भरते आणि गॅलरीचा स्लॅब भिंतीबाहेर लोंबता असल्याने बाहेरच्या कडेवरचा भार त्याला सर्वांत जड जातो. त्यामुळे मोठ्या कुंड्या भिंतीशी ठेवाव्यात आणि कठड्यावर एकही ठेवू नये. खाली मुले खेळतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची धुणी वाळत असतात.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे गॅलरी ही फक्त बसण्याची जागा नाही. चैत्र-वैशाखात तिथे कुरडया आणि पापड वाळतात, वर्षभर कपड्यांची दोरी असते. कपडे वाळत घालणे जणू लाजिरवाणे असावे, अशा रीतीने लेखांतल्या चित्रांतून ही दोरी गायब असते. आम्ही ती छताला कप्पीवर टांगली आहे. खाली सोडली की कपडे वाळतात, वर ओढली की दोन मोड्यांवर चहाला बसता येते. मागच्या भिंतीवर, ऊन पोहोचत नाही तिथे, मोरांची नक्षी असलेली आजीची सोलापुरी चादर टांगली आहे. पाहुणे गॅलरीत आले की बोगनवेलीआधी तिच्याकडेच पाहतात.

आपणास विनंती अशी की पुढच्या उन्हाळ्यापूर्वी पुरवणीत गॅलरीवर लेख यावा तो इथल्या घरांत जाऊन लिहिलेला असावा आणि छायाचित्रे मे महिन्यात, दुपारी तीन वाजता काढलेली असावीत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर