संकेतस्थळ माऊसशिवाय चालवून पाहा

मा. संपादक,

एखाद्या संस्थेचे नवे संकेतस्थळ सुरू झाले की त्याची बातमी येते. रूप देखणे आहे, मोबाइलवर झटकन उघडते, अमुक अमुक सोयी आहेत, असे त्यात असते. ते कोणाला वापरता येत नाही, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. मी फ्रंट-एंडचे काम करते, म्हणजे संकेतस्थळाचा जो भाग आपल्याला पडद्यावर दिसतो त्याचा कोड लिहिते. आमच्या व्यवसायात एक गोष्ट वर्षानुवर्षे चुकत आली आहे आणि ती सुधारणे आम्हा डेव्हलपर मंडळींपेक्षा काम करवून घेणाऱ्यांच्या हातात अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

पडद्यावरचे साधे बटण घ्या. ते दोन तऱ्हांनी बनवता येते. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची रचना लिहिण्याच्या भाषेत, बटणासाठी स्वतंत्र टॅग, म्हणजे खूण, आहे. तो वापरला की टॅब दाबत गेल्यावर फोकस, म्हणजे कीबोर्डची पुढची कळ जिथे लागू होईल ती जागा, त्या बटणावर येतो, एंटर किंवा स्पेस दाबली की ते चालते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, हे बटण आहे असे सांगते. यासाठी वेगळी एक ओळही लिहावी लागत नाही. हे सगळे ब्राउझर पुरवतो. दुसरी तऱ्हा अशी, की ‘डिव्ह’ हा स्वतःचा काहीच अर्थ नसलेला टॅग घ्यायचा, सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, त्याला रंग आणि गोल कोपरे द्यायचे आणि क्लिक केल्यावर काय व्हावे ते जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. डोळ्यांना दोन्ही बटणे सारखीच दिसतात, माऊसने दोन्ही सारखीच चालतात. पण दुसऱ्यावर टॅब थांबतच नाही. हात थरथरतात म्हणून माऊस धरता येत नाही, मनगट दुखावले आहे, दृष्टी नाही, अशा कोणत्याही कारणाने जो माणूस कीबोर्डवर काम करतो, तो सगळा फॉर्म भरून शेवटच्या बटणापाशी अडतो. ते बटण आहे, हे स्क्रीन रीडरला कोणी सांगितलेलेच नसते.

अशी बनावट बटणे मागाहून दुरुस्तही करता येतात. टॅब थांबावा म्हणून एक गुणधर्म, बटण म्हणून ओळख पटावी म्हणून दुसरा, एंटर आणि स्पेससाठी आणखी कोड. जे फुकट मिळत होते ते पुन्हा हाताने घडवायचे आणि त्यातले एखादे हमखास विसरायचे. ‘ॲरिया’ हे मानक अशा जोडकामासाठी आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये अधिकृत झाली. आणि ते कसे वापरावे याच्या मार्गदर्शनातला पहिलाच नियम आहे, की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा. माझ्या पाहण्यात हा नियम जितका पाठ असतो तितका पाळला जात नाही.

याच मुळाशी ब्राउझरच्या सुसंगतीचा, म्हणजे पान प्रत्येक ब्राउझरमध्ये सारखेच चालण्याचा, प्रश्नही आहे. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीत दोघांनी आपापले टॅग आणि आपापल्या पद्धती काढल्या. अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल, अशी पाटी संकेतस्थळांवर लावलेली असे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम स्थापन केले होते, मानके लिहिली जात होती, पण ब्राउझर ती अर्धवट पाळत. १९९८ मध्ये डेव्हलपरांनीच एकत्र येऊन वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट उभा केला आणि ब्राउझर कंपन्यांवर दबाव आणला. ‘ॲसिड टू’ ही चाचणी त्यांनीच २००५ मध्ये आणली. मानके पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये हसरा चेहरा उमटे, बाकीच्यांत त्याच्या चिंधड्या होत. इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ चा ब्राउझर. त्याच्याच तंत्रावर बेतलेल्या कार्यालयीन प्रणाली कित्येक ठिकाणी इतक्या घट्ट रुतल्या, की त्या घराण्याचा शेवटचा ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हाही त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागली.

आज ती पाटी दिसत नाही, पण सवय परत आली आहे. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे वेगळी असली तरी आतले इंजिन, म्हणजे कोड वाचून पान मांडणारा भाग, एकच, ब्लिंक. डेव्हलपर क्रोममध्ये तपासतो, मग एजमध्ये उघडून पाहतो आणि दोन ब्राउझरमध्ये तपासले म्हणून सांगतो. प्रत्यक्षात एकदाच तपासलेले असते. ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको ही दोन वेगळी इंजिने राहूनच जातात. आयफोनवर तर ब्राउझरचे नाव काहीही असो, आत वेबकिटच हवे, असा ॲपलचा वर्षानुवर्षे दंडक होता; युरोपीय संघात २०२४ पासून त्याला वाट मिळाली. म्हणजे संगणकावरच्या क्रोममध्ये पान चालले, यावरून आयफोनवरच्या क्रोमबद्दल काहीही ठरत नाही.

अपंग व्यक्तींसाठीची सुलभता आणि ब्राउझर सुसंगती ही दोन कामे प्रकल्पाच्या यादीत वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेली असतात. ती एकमेकांत किती गुंतलेली आहेत याचे एक उदाहरण देते. ब्राउझर एचटीएमएल वाचून पडद्यावरचे चित्र तयार करतो, त्याचबरोबर घटकांचा आणखी एक आराखडा बनवून तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे देतो. स्क्रीन रीडर वाचतो तो हा दुसरा आराखडा. आता एखाद्या यादीपुढचे ठिपके सीएसएसने काढले, तर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ती यादीच राहते, पण ॲपलच्या सफारीत व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर तिला यादी म्हणत नाही आणि किती मुद्दे आहेत तेही सांगत नाही. हा दोष नसून वेबकिटच्या मंडळींनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. डिझाइनमधला एक बारीकसा बदल, आणि परिणाम एका इंजिनात, एका प्रकारच्या वाचकाला. क्रोमपुढे बसून, माऊस हातात धरून हे कधीच सापडणार नाही. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे, ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक मिळतोच; तेव्हा साधने नाहीत, ही सबब उरत नाही.

काम करवून घेणाऱ्याला कोड कळायलाच हवा असे नाही. त्याने माऊस बाजूला ठेवून टॅब दाबत पानभर फिरावे. आपण कुठे आहोत ते दिसले पाहिजे. फोकसभोवतीची चौकट कुरूप दिसते म्हणून ती काढून टाकण्याची वाईट खोड आमच्या क्षेत्रात आहे. माऊसने क्लिक केल्यावर चौकट नको आणि कीबोर्डवर मात्र हवी, अशी नेमकी सोय सीएसएसमध्ये आहे आणि मार्च २०२२ पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालते. त्यामुळे चौकट सरसकट पुसण्याला आता कारणच राहिलेले नाही. (मॅकवर सफारीत टॅबने लिंकांवर जाण्यासाठी आधी एक सेटिंग चालू करावे लागते, ते तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे.) मग पान २०० टक्के मोठे करावे. मजकूर कापला जातो का, एकमेकांवर चढतो का, ते लगेच दिसते. मोबाइलवर बोटांनी पान मोठे करणेच काही जण कोडमध्ये बंद करून टाकतात. आयफोनची सफारी २०१६ पासून ही बंदी जुमानत नाही, अँड्रॉइडवर क्रोम मात्र वापरणाऱ्याने सेटिंग बदलले नसेल तर ती पाळतो.

आणि रंग. वेब सुलभतेची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून आहेत, ताजी २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. सर्वसाधारण आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ला १ असावा, असे तिच्या तीनपैकी मधल्या पातळीवर बंधन आहे. कोडमध्ये #९९९ असा लिहिला जाणारा करडा रंग पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. आणि सूचना, अटी, फॉर्ममधले नमुना मजकूर याच रंगात लिहायची फॅशन आहे! वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि सर्वांत जास्त ठिकाणी आढळलेली चूक हीच, फिकट मजकुराची. यंत्राला सापडतात त्या चुका थोड्याच. टॅबचा क्रम विचित्र आहे का, चित्राचे वर्णन खरे आहे का, हे माणसालाच पाहावे लागते.

एक ओळ जोडा, संकेतस्थळ आपोआप सर्वांसाठी खुले होईल, अशी जाहिरात करणारी साधनेही विकली जातात. त्यांवर विसंबू नये. असे दावे करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. मूळ कोडमध्ये जे लिहिलेलेच नाही, ते वरून चिकटवलेल्या साधनाला खात्रीने ओळखता येत नाही.

डेव्हलपर हे का करत नाहीत? बहुतेकांना कोणी मागितलेले नसते. करारात तारीख असते, डिझाइनशी तंतोतंत जुळावे अशी अट असते, आणि तपासणी शेवटच्या आठवड्यात ढकललेली असते, जेव्हा काहीच बदलता येत नाही. त्यातही तयार फ्रेमवर्कमधले, म्हणजे आयत्या कोडच्या संचातले, घटक उचलले, तर त्यांच्या चुका शेकडो पानांवर पसरतात. म्हणून मागणी करारातच लिहिली पाहिजे: प्रत्येक काम कीबोर्डवर पूर्ण होईल, तिन्ही इंजिनांत चालेल, डब्ल्यूसीएजीची मधली पातळी गाठेल, आणि हे स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतले जाईल, तिच्या कामाचे पैसे देऊन. असे लोक आमचे ग्राहक नाहीत, हे उत्तर मी अनेकदा ऐकते आणि दरवेळी मला त्याचा संताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे लक्षणीय अपंगत्वासह जगतात, म्हणजे दर सहांत एक. त्यांना दारातूनच परत पाठवायचे आणि ते येत नाहीत असे म्हणायचे, हा अन्याय आहे.

आपल्याकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. नव्या संकेतस्थळाची किंवा ॲपची बातमी देण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने ते माऊसशिवाय एकदा चालवून पाहावे आणि जे आढळेल ते छापावे. दुसरी अपेक्षा आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळाकडून. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलेले असावे, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतो. छायाचित्राच्या वर्णनाच्या जागी फाइलचे नाव नसावे. आणि आकडेवारीची कोष्टके चित्र म्हणून चढवू नयेत. एचटीएमएलच्या कोष्टकात शीर्षके नीट लावून ती दिली, तर एकेका चौकोनात जाताना आकडा कोणत्या स्तंभातला आहे हे ऐकणाऱ्यालाही कळते. आपल्या तांत्रिक विभागाने निदान कोष्टकांपासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपली,
एक फ्रंट-एंड डेव्हलपर