दाखले मोबाईलवर, पण कोणाच्या?

संपादक महोदय,
सगळे दाखले आता घरबसल्या मोबाईलवर मिळणार ही तुमच्या अंकातली बातमी वाचली, चांगलंच आहे, पण आमच्या सोलापुरात सेटलमेंटसारखी, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं ती वस्ती आहे, तिथे हे कसं चालणार ते बातमीत कुठंच नाही. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली रद्द झाला, तारेचं कुंपण गेलं, पण या कायद्यातून सुटलेल्यांना विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. पालं टाकत गावोगाव फिरलेल्या माणसाकडं तो कागद असणार कुठून? पूर्वी निदान साहेबासमोर उभं राहून विनवणी तरी करता यायची, आता कागद अपलोड केल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकत नाही आणि ओटीपी जातो तो नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला असतो, किंवा घरातला एकुलता एक फोन ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात. मग सेतूवाला नाहीतर एजंट सांगेल तो आकडा द्यायचा.
2015 चा लोकसेवा हक्क कायदा मुदतीत सेवा द्या म्हणतो, पण मुदत मोजायची तर आधी अर्ज तरी दाखल व्हायला हवा ना! ऑनलाइनला विरोध नाही, फक्त महिन्यातून एकदा तलाठी आणि ऑपरेटरनं लॅपटॉप घेऊन वस्तीत बसावं, कागद नसेल तिथं चौकशी करून जबाब नोंदवावा आणि अर्जाची पोच हातात द्यावी.
– एक वाचक, सोलापूर